एसएलआर वापरणाऱ्यांसाठी खिशात मावणारा कॉम्पॅक्ट कॅमेरा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसएलआर (आरशातून पाहण्याचा, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) वापरणारे मित्र कॉम्पॅक्ट, म्हणजे न निघणाऱ्या लेन्सचा छोटा कॅमेरा घेण्याआधी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्याकडे एसएलआर आणि तीन लेन्स आहेत. तरीही वेगळा कॉम्पॅक्ट कॅमेरा कशासाठी घ्यावा?

एसएलआर घरी राहिल्यामुळे जी छायाचित्रे हुकतात, केवळ त्यांच्यासाठी. बॉडी आणि एक झूम लेन्स मिळून एसएलआरचे वजन सहज पाऊण ते सव्वा किलो भरते आणि त्याला स्वतंत्र पिशवी लागते. त्यामुळे आज छायाचित्रे काढायची असे ठरवून निघालो, तरच तो बरोबर येतो. कॉम्पॅक्ट घेताना बहुतेक जण आपल्या एसएलआरची लहान प्रतिकृती शोधतात आणि म्हणूनच निराश होतात.

माझी एक आग्रहाची सूचना आहे. दोन आठवडे एक छोटी वही जवळ ठेवावी आणि आत्ता कॅमेरा हवा होता असे जेव्हा जेव्हा वाटेल, तेव्हा तीन गोष्टी लिहाव्यात : विषय किती अंतरावर होता, प्रकाश किती होता आणि विषय हलत होता का. त्या नोंदींवरून मॉडेल जितके नेमके ठरते, तितके कोणत्याही तुलनात्मक तक्त्यावरून ठरत नाही. पुढील अनेक उत्तरांत या वहीचा उल्लेख येईल.

२. ‘खिशात मावणारा’ म्हणजे नेमका किती लहान?

लांबी आणि उंचीपेक्षा जाडी निर्णायक असते. माझ्या अनुभवानुसार पॅन्टच्या पुढच्या खिशात चालताना आणि बसताना त्रास होऊ नये, यासाठी बंद कॅमेऱ्याची जाडी साधारण चार सेंटिमीटरच्या आत आणि वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास असावे लागते. सोनीचा पहिला आरएक्स१०० (२०१२) ३५.९ मिमी जाड आणि २४० ग्रॅमचा आहे. रिको जीआर ३ (२०१९) बॅटरी व कार्डासह २५७ ग्रॅम आणि ३३.२ मिमी जाड आहे. कॅननचा जी७ एक्स मार्क ३ (२०१९) ३०४ ग्रॅमचा आहे. हे तिन्ही कॅमेरे खऱ्या अर्थाने खिशातले आहेत.

फुजीफिल्म एक्स१००व्हीआय (२०२४) हा अतिशय सुंदर कॅमेरा आहे, परंतु तो ५२१ ग्रॅम वजनाचा आणि सुमारे साडेपाच सेंटिमीटर जाड असल्यामुळे कोटाच्या मोठ्या खिशात किंवा खांद्यावरच शोभतो. सुमारे ३९० ग्रॅमचा पॅनासॉनिक एलएक्स१०० मार्क २ या दोहोंच्या सीमारेषेवर आहे. खरेदीपूर्वी त्या मापाचा पुठ्ठ्याचा ठोकळा करून एक दिवस खिशात वागवून पाहावा. हा उपाय पोरकट वाटतो, पण त्याने माझी एक चुकीची खरेदी टळली आहे.

३. खिशात चांगला फोन असतोच. मग कॉम्पॅक्टचा फायदा उरतो का?

उरतो, पण पूर्वीइतका सरसकट नाही. काही फोनमध्ये आता एक इंच प्रकारचे सेन्सरही (प्रकाश टिपणाऱ्या चिप) येतात आणि अनेक छायाचित्रे एकत्र जुळवून अंधारात स्वच्छ चित्र देण्यात फोन पुष्कळ पुढे गेले आहेत. कॉम्पॅक्टकडे उरते ते असे : खराखुरा ऑप्टिकल झूम किंवा एपीएस-सी आकाराचा, म्हणजे बहुतेक एसएलआरमध्ये असतो तसा सेन्सर, बोटाला जाणवणारे दोन टप्प्यांचे शटर बटण, चालू असलेली हालचाल जागीच थिजवू शकणारा फ्लॅश आणि एसएलआरच्या फाइलप्रमाणे संपादनात ताण सहन करणारी रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली माहिती). ज्यांच्या वहीतील बहुतेक नोंदी जवळच्या, स्थिर आणि भरपूर प्रकाशातल्या आहेत, त्यांनी कॉम्पॅक्टवर खर्च करू नये, असेच मी सांगतो.

४. ‘एक इंच सेन्सर’ खरोखर एक इंचाचा असतो का? आणि तो माझ्या एसएलआरच्या तुलनेत किती लहान?

नसतो. हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतील काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आले आहे. प्रत्यक्षात हा सेन्सर १३.२ × ८.८ मिमीचा असतो आणि त्याचा कर्ण सुमारे १६ मिमी भरतो. म्हणजेच त्याचे क्षेत्रफळ सुमारे ११६ चौरस मिमी होते. बहुतेक एसएलआरमधील एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिमीचा, म्हणजे सुमारे ३६५ चौरस मिमीचा असतो, तर फुल फ्रेम ३६ × २४ मिमीचा, म्हणजे ८६४ चौरस मिमीचा. स्वस्त कॉम्पॅक्टमधील १/२.३ इंच सेन्सर मात्र जेमतेम २८ चौरस मिमीचा असतो. एसएलआरची सवय असलेल्या डोळ्याला तेथील छायाचित्र पटणे कठीण आहे, म्हणून एक इंच ही मी किमान मर्यादा मानतो. मात्र केवळ सेन्सरच्या आकारावर निर्णय घेऊ नये. त्याचे कारण पुढील उत्तरात आहे.

५. कॉम्पॅक्टवर एफ/१.८ लिहिलेले आहे. हे माझ्या ५० मिमी एफ/१.८ लेन्ससारखेच का?

एक्सपोजरपुरते, म्हणजे चित्राच्या उजळपणापुरते होय, चित्राच्या रूपापुरते नाही. एफ/ चा आकडा लेन्सच्या छिद्राचा, म्हणजे ॲपर्चरचा असतो; आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. एफ/१.८ आणि एकच शटर वेग व आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ठेवल्यास दोन्ही कॅमेऱ्यांत उजळपणा सारखाच येईल. परंतु लहान सेन्सरवर एकूण प्रकाश कमी पडतो आणि डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढे-मागे स्पष्ट दिसणारा पट्टा, वाढते. तुलनेचा सोपा मार्ग असा : फोकल लेंथप्रमाणे (लेन्स किती रुंद किंवा लांबचे दृश्य टिपते ते सांगणारा मिमीतील आकडा) ॲपर्चरच्या आकड्यालाही क्रॉप गुणकाने गुणावे. फुल फ्रेमचा कर्ण त्या सेन्सरच्या कर्णाच्या किती पट आहे, ते हा गुणक सांगतो. एक इंच सेन्सरचा गुणक सुमारे २.७, एपीएस-सीचा १.५ आणि या दोहोंच्या मधल्या आकाराच्या फोर थर्ड्‌स सेन्सरचा २ आहे.

आता एसएलआरबरोबर मिळणारी १८-५५ मिमी एफ/३.५-५.६ ही साधी झूम लेन्स घेऊ. एपीएस-सी बॉडीवर ती फुल फ्रेमच्या भाषेत साधारण एफ/५.३ ते एफ/८.४ इतकी होते. जी७ एक्स मार्क ३ ची २४-१०० मिमी समतुल्य (म्हणजे फुल फ्रेमच्या मापात) एफ/१.८-२.८ लेन्स त्याच हिशेबाने एफ/४.९ ते एफ/७.६ भरते. म्हणजेच सेन्सर तिपटीहून अधिक लहान असूनही, हा खिशातला कॅमेरा अशी साधी झूम (किट) लेन्स लावलेल्या एसएलआरच्या मागे पडत नाही, किंचित पुढेच राहतो. हा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडला, तेव्हा मलाच आश्चर्य वाटले होते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. आपल्या एसएलआरवर एफ/१.८ ची प्राइम (झूम नसलेली) लेन्स कायम बसलेली असेल, तर व्यक्तिचित्राच्या अंतरावर एक इंच सेन्सरचा कॅमेरा सुमारे तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) मागे राहतो आणि चेहऱ्यामागची पार्श्वभूमी तशी विरघळणार नाही.

६. मेगापिक्सेल किती असावेत?

वीस असले की पुरे. या गटातील जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यात तितके असतात, म्हणून या आकड्यावर वेळ घालवू नये.

७. झूम असलेला घ्यावा की एकाच फोकल लेंथचा?

आपल्या एसएलआरच्या संग्रहातील शेवटची हजार छायाचित्रे फोकल लेंथनुसार लावून पाहावीत. संपादनाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. त्यांतील निम्म्याहून अधिक छायाचित्रे २४ ते ४० मिमी समतुल्य टप्प्यात येत असतील, तर रिको जीआर ३ (२८ मिमी समतुल्य, एफ/२.८) किंवा जीआर ३एक्स (४० मिमी समतुल्य, एफ/२.८, २०२१) यांचा गांभीर्याने विचार करावा. त्यांत एपीएस-सी सेन्सर आहे. कॅमेरा बंद करताच लेन्स आत सरकून बसते, त्यामुळेच एवढा मोठा सेन्सर एवढ्या पातळ बॉडीत मावला आहे.

झूमची किंमत ॲपर्चरमध्ये मोजावी लागते. आरएक्स१०० मालिकेत हा व्यवहार अगदी उघड दिसतो. मार्क ३ (२०१४) मध्ये २४-७० मिमी समतुल्य एफ/१.८-२.८ लेन्स आहे, तर मार्क ६ (२०१८) आणि मार्क ७ (२०१९) मध्ये २४-२०० मिमी एफ/२.८-४.५. लांबचा पल्ला मिळाला, पण रुंद बाजूचा सव्वा स्टॉपहून अधिक प्रकाश गेला. प्रवासात दिवसा छायाचित्रे काढणाऱ्यास हा सौदा परवडतो, संध्याकाळी घरात मुलांची छायाचित्रे काढणाऱ्यास तो परवडत नाही.

एकाच फोकल लेंथची धास्ती वाटत असल्यास एसएलआरवर झूमचे कडे चिकटपट्टीने २८ किंवा ४० मिमी समतुल्य जागी पक्के करून आठवडाभर काम करावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय आपोआप पुढे-मागे सरकू लागतात, किंवा आपल्याला झूमच हवा हे निश्चित कळते.

८. व्ह्यूफाइंडरशिवाय (डोळा लावून पाहायच्या खिडकीशिवाय) मला जमेल का?

एसएलआरवाल्यांचा हा सर्वांत मोठा अडसर असतो आणि तो खरा आहे. कॅमेरा कपाळाला टेकवला की हाताचा कंप कमी होतो, उन्हात पडदा न दिसण्याची अडचण राहत नाही आणि आजूबाजूचे जग काही क्षण बाजूला पडते. आरएक्स१०० मालिकेत मार्क ३ पासून वर उचलला जाणारा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर आहे. मार्क ५ पर्यंत तो वर आल्यावर डोळ्याची चौकट हाताने मागे ओढावी लागते, मार्क ६ पासून मात्र एका हालचालीत काम होते. एलएक्स१०० मार्क २ मध्ये तो कायमचा बसवलेला आहे. जीआर ३ आणि जी७ एक्स यांच्यात तो नाही, मात्र जीआरच्या हॉट शूवर (वरच्या बाजूला फ्लॅश लावण्याच्या खाचेवर) वेगळा ऑप्टिकल फाइंडर लावता येतो.

चष्मा वापरणाऱ्यांनी हे छोटे व्ह्यूफाइंडर प्रत्यक्ष डोळ्याला लावून पाहावेत, कारण अनेकांत चौकटीचे कोपरे दिसत नाहीत. पडद्यावर काम करायचे ठरल्यास दोन्ही हातांची कोपरे बरगड्यांना टेकवून, मनगटाच्या पट्ट्याला किंचित ताण देऊन कॅमेरा धरावा.

९. एसएलआरवर दोन चाकांनी सगळे बदलतो. कॉम्पॅक्टवर हात अडखळणार नाहीत का?

अडखळू शकतात, आणि या मुद्द्याकडे खरेदीच्या वेळी सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ॲपर्चर, एक्सपोजर भरपाई आणि आयएसओ या तीन गोष्टी मेनू न उघडता बदलता आल्याच पाहिजेत. जी७ एक्सवर एक्सपोजर भरपाईचे स्वतंत्र चाक आहे. शिवाय मार्क २ आणि मार्क ३ मध्ये लेन्सभोवतीचे कडे टकटक करत फिरावे की गुळगुळीत, हे छोट्या खटक्याने ठरवता येते. आरएक्स१०० चे कडे गुळगुळीतच फिरते. त्यामुळे किती पायऱ्या सरकल्या हे बोटाला कळत नाही, डोळ्यांनी पडद्याकडे पाहावे लागते.

जीआरची रचना एका हाताने वापरण्यासाठी आहे. तर्जनी शटर बटणावर असताना तिच्याच टोकाने पुढचे चाक फिरवून ॲपर्चर बदलते आणि अंगठा मागच्या खटक्यावर राहून एक्सपोजर कमी-अधिक करतो. डावा हात पूर्ण मोकळा राहतो. दुकानात कॅमेरा हातात आल्यावर पडद्याकडे न पाहता एफ/४ वरून एफ/५.६ वर जाऊन एक्सपोजर एक स्टॉप खाली आणून पाहावे. ते साधले नाही, तर कॅमेरा कितीही नावाजलेला असला तरी बाजूला ठेवावा.

१०. फोकसचा वेग एसएलआरइतका मिळेल का?

स्थिर विषयांसाठी चांगल्या प्रकाशात फरक जाणवणार नाही. धावत्या विषयांसाठी मात्र टप्प्याटप्प्याने पुढे-मागे शोधणाऱ्या कॉन्ट्रास्ट पद्धतीपेक्षा सेन्सरवरच फेज डिटेक्शन (फोकस कोणत्या दिशेला व किती सरकवायचा ते थेट मोजणारी पद्धत) असलेले मॉडेल घ्यावे. आरएक्स१०० मार्क ७ या बाबतीत खिशातल्या कॅमेऱ्यांत पुष्कळ पुढे आहे.

रस्त्यावरील छायाचित्रांसाठी आणखी एक मार्ग आहे : फोकस करायचाच नाही. जीआरमध्ये स्नॅप फोकस नावाची सोय असून शटर एका दमात पूर्ण दाबले की लेन्स आधी ठरवलेल्या अंतरावर जाते. १८.३ मिमीची लेन्स एफ/८ वर ठेवून अंतर २.५ मीटर केल्यास साधारण सव्वा मीटरपासून अनंतापर्यंत सर्व स्वीकारार्ह स्पष्ट येते. कोणतीही स्वयंचलित यंत्रणा याहून वेगवान असू शकत नाही.

११. मी निसर्गचित्रे एफ/११ वर काढतो. कॉम्पॅक्टवरही तेच करावे ना?

करू नये. लहान सेन्सरवर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे येणारा मऊपणा फार लवकर दिसू लागतो. प्रश्न ५ मधील गुणक येथेही लागू होतो : एक इंच सेन्सरवरील एफ/८ हे फुल फ्रेमवरील जवळपास एफ/२२ सारखे वागते. डेप्थ ऑफ फील्डसाठी एफ/४ पुरेसे असते, कारण ते फुल फ्रेमवरील एफ/११ शी जुळते. एसएलआरकडून आलेल्या अनेकांची ‘कॉम्पॅक्टची लेन्स अस्पष्ट आहे’ ही तक्रार केवळ या सवयीतून उद्‌भवलेली मी पाहिली आहे. एपीएस-सी असलेल्या जीआरवर एफ/५.६ ते एफ/८ निर्धास्त वापरावे.

१२. भर उन्हात ॲपर्चर उघडे ठेवले की चित्र पांढरे पडते. हा दोष आहे का?

दोष नाही. या कॅमेऱ्यांत शटर लेन्सच्या आत पाकळ्यांच्या स्वरूपात असते आणि त्याचा कमाल वेग मर्यादित असतो. आरएक्स१०० मालिकेत तो १/२००० सेकंद आहे. म्हणून जीआर ३ मध्ये दोन स्टॉपचा आणि जी७ एक्स मार्क २ व ३ मध्ये तीन स्टॉपचा एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर आतच बसवलेला आहे. आरएक्स१०० च्या मार्क ३ ते ५ मध्ये तो आहे, मार्क ६ आणि ७ मध्ये नाही. इलेक्ट्रॉनिक शटरने वेग वाढतो, परंतु वेगाने सरकणारे विषय तिरके होतात आणि काही एलईडी दिव्यांखाली पट्टे उमटतात.

याच शटरचा मोठा लाभ फ्लॅशसाठी होतो. एसएलआरवर सिंक (फ्लॅशशी जुळणारा सर्वांत वेगवान शटर वेग) बहुधा १/२०० ते १/२५० सेकंदाला अडते, येथे त्याहून कितीतरी वेगवान शटरला फ्लॅश जुळतो. त्यामुळे दुपारच्या उन्हात चेहऱ्यावरील सावली छोट्याशा फ्लॅशनेही भरून काढता येते. आरएक्स१०० चा उघडणारा फ्लॅश बोटाने मागे कलवून छतावरून प्रकाश परतवता येतो. जीआर ३ मध्ये मात्र अंगचा फ्लॅशच नाही.

१३. रॉ फाइल एसएलआरसारखीच हाताळता येते का?

बहुतांशी येते. सावल्या उजळताना एक इंच सेन्सरमध्ये दाणे लवकर दिसतात, म्हणून तेजस्वी भाग पूर्ण पांढरे पडणार नाहीत इतपत एक्सपोजर मुद्दाम भरभक्कम द्यावे. रुंद बाजूची रेषांची वक्रता अनेक झूम कॉम्पॅक्टमध्ये सॉफ्टवेअरने सरळ केली जाते आणि ती दुरुस्ती रॉ फाइलबरोबरच येते. जुने सॉफ्टवेअर नव्या मॉडेलच्या फाइल उघडत नाही, हे खरेदीआधीच तपासावे.

१४. लेन्स काढता येत नाही, म्हणजे सेन्सरवर धूळ जाणारच नाही?

हा गैरसमज मला महागात पडला. झूम लेन्स बाहेर येताना हवा आत ओढते आणि खिशातले सुताचे बारीक कण त्या हवेबरोबर आत शिरतात. वापराच्या दुसऱ्या वर्षी माझ्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक आकाशात, वरच्या उजव्या कोपऱ्यापासून थोडा आत, एकाच जागी फिकट राखाडी ठिपका येऊ लागला. एफ/२.८ वर तो दिसत नसे, एफ/८ वर मात्र वाटाण्याएवढा होई. एसएलआरवर आरसा उचलून फुंकणीने दोन मिनिटांत झाले असते, येथे सेवा केंद्रात संपूर्ण लेन्स उघडावी लागली आणि तीन आठवडे कॅमेरा हाती नव्हता.

तेव्हापासून कॅमेरा पातळ कापडी पिशवीत घालूनच खिशात ठेवतो, तो खिसा दर आठवड्याला उलटा करून झटकतो आणि त्यात किल्ल्या किंवा नाणी ठेवत नाही. सेन्सर हलवून धूळ झटकण्याची सोय असलेले मॉडेल मिळत असल्यास त्याला प्राधान्य द्यावे.

१५. वापरलेला कॅमेरा घेताना काय तपासावे?

कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करून लेन्स दर वेळी सारख्याच आवाजात, न अडखळता बाहेर येते का ते ऐकावे. कोरड्या घरघरीचा आवाज येत असल्यास घेऊ नये. मग सर्वांत लहान ॲपर्चरवर पांढऱ्या भिंतीचे किंवा आकाशाचे छायाचित्र काढून ठिपके शोधावेत (प्रश्न १४). झूमच्या दोन्ही टोकांना विटांच्या भिंतीचे छायाचित्र घेऊन चारही कोपरे सारखेच स्पष्ट आहेत का पाहावे. एकच कोपरा मऊ असेल, तर कॅमेरा कधीतरी पडला आहे असे समजावे. हलणारा पडदा सर्व कोनांत फिरवून चित्र लुकलुकत नाही ना, हेही बघावे.

१६. एका बॅटरीवर दिवस निघेल का?

नाही. आरशातून पाहणारा एसएलआर एका बॅटरीवर आठशे ते बाराशे छायाचित्रे सहज देतो. कॉम्पॅक्टचा पडदा सतत चालू राहतो, त्यामुळे प्रमाणित चाचणीनुसार जीआर ३ सुमारे २०० आणि आरएक्स१०० मार्क ७ सुमारे २६० छायाचित्रे देतो. दुसरी बॅटरी कॅमेऱ्याबरोबरच घ्यावी.

१७. त्यापेक्षा छोटा मिररलेस (आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि पातळ पॅनकेक लेन्स घेतली तर?

ज्यांना लेन्स बदलण्याचे समाधान हवे आहे, त्यांनी अवश्य विचार करावा. पॅनासॉनिकचा जीएम१ (२०१३) हा या प्रकारातील फार लहान नमुना होता. मात्र लेन्स लावल्यावर जाडी बहुधा चार सेंटिमीटरच्या पलीकडे जाते आणि प्रश्न २ मधील कसोटीवर तो नापास होतो. शिवाय दुसरी लेन्स हाताशी असली की पिशवी आली, आणि पिशवी आली की आपण पुन्हा एसएलआरच्या घरी राहण्याच्या कारणापाशी येतो.

१८. पक्षी, मैदानी खेळ आणि पाऊस यांसाठी कोणता खिशातला कॅमेरा घ्यावा?

पक्षी आणि खेळ यांसाठी एसएलआरच न्यावा. २०० मिमी समतुल्य एफ/४.५ हे एक इंच सेन्सरवर फुल फ्रेमच्या एफ/१२ इतके मोजले जाते, आणि ढगाळ सकाळी तेवढ्या प्रकाशात पंखांची फडफड थांबवता येत नाही. पावसासाठी वर उल्लेखलेले खिशातले कॅमेरे सुरक्षित नाहीत, कारण बाहेर-आत सरकणाऱ्या लेन्सच्या फटीतून पाणी शिरते. लेन्स बाहेर न येणारे जलरोधक कॅमेरे मिळतात, परंतु त्यांत सहसा १/२.३ इंच सेन्सर असतो. पावसाळी प्रवासात तो दुसरा कॅमेरा म्हणून जवळ बाळगावा आणि सरी थांबल्यावर मुख्य कॉम्पॅक्ट बाहेर काढावा.